५४वी मॅसॅच्युसेट्स: माणसं कोण होती, पगार कुठे अडला आणि मागे काय उरलं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेच्या यादवी युद्धातली (१८६१–६५) ५४वी मॅसॅच्युसेट्स ही कृष्णवर्णीय स्वयंसेवकांची रेजिमेंट पळून आलेल्या गुलामांची होती का? तिची रचना कशी होती? आणि बॉस्टनमधलं शिल्प व १९८९ सालचा गाजलेला हॉलिवूडपट ‘ग्लोरी’ सोडला तर तिचं मागे काय उरलं?

पहिल्याचं उत्तर: नाही. तिच्यातले बहुसंख्य शिपाई उत्तरेकडच्या राज्यांतले, जन्मापासून स्वतंत्र असलेले शेतमजूर, हमाल, खलाशी, न्हावी आणि वेटर होते. सिनेमानं पडद्यावर बहुतेक माजी गुलाम दाखवले आणि तीच समजूत रूढ झाली. ही चूक किरकोळ मानता येत नाही, कारण या पलटणीचा सर्वांत लांब चाललेला लढा दक्षिणेच्या तोफांशी नव्हता, स्वतःच्या सरकारच्या पगारखात्याशी होता. तो शेवटी सुटला तो ‘तू १८६१ साली स्वतंत्र होतास का?’ या एका प्रश्नावर. म्हणून कोण भरती झालं हे नीट कळल्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही.

आधी शब्द साफ करून घेऊ. रेजिमेंट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मराठा लाइट इन्फंट्री येते: बेळगावला केंद्र, हाताखाली अनेक बटालियन आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारी संस्था. यादवी युद्धातल्या अमेरिकन रेजिमेंटला हे माप लावलं की सगळी गणितं चुकतात. तिथे पायदळाची स्वयंसेवक रेजिमेंट म्हणजे एकच बटालियन, आपल्या जुन्या भाषेत एक पलटण. ती तीन वर्षांच्या करारावर उभी राहायची आणि मुदत किंवा युद्ध संपलं की मोडायची.

तिचा साचा ठरलेला होता. दहा कंपन्या, ‘ए’पासून ‘के’पर्यंत. मध्ये ‘जे’ नाही, कारण हातानं लिहिलेला ‘आय’ आणि ‘जे’ यांत घोटाळा होई. एका कंपनीत १ कॅप्टन, २ लेफ्टनंट, १ फर्स्ट सार्जंट, ४ सार्जंट, ८ कॉर्पोरल, २ वादक (ढोल आणि बासरी), १ गाडीवान आणि ६४ ते ८२ साधे शिपाई. म्हणजे एकूण ८३ ते १०१. वर मुख्यालयाची १५ माणसं: कर्नल, लेफ्टनंट कर्नल, मेजर, ॲडज्युटंट, क्वार्टरमास्टर, सर्जन, दोन साहाय्यक सर्जन, पाद्री, सार्जंट मेजर, क्वार्टरमास्टर सार्जंट, कोठाराचा सार्जंट, इस्पितळाचा कारभारी आणि दोन मुख्य वादक. बेरीज केली की ८४५ ते १,०२५. त्यात कमिशन मिळालेले अधिकारी ३९. २८ मे १८६३ रोजी बॉस्टनहून निघताना ५४व्या पलटणीत १,००७ शिपाई आणि ३७ अधिकारी होते, म्हणजे ती काठोकाठ, किंबहुना साच्यापेक्षा थोडी जास्तच, भरलेली होती. पुढच्या दोन वर्षांत हा आकडा पुन्हा कधी जुळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आजारपण, मजुरीच्या कामावर पाठवलेल्या तुकड्या, तळाचा पहारा यांत माणसं विखुरतात. जुलै १८६३ मध्ये दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चाल करून गेलेले सुमारे ६०० आणि निघालेले हजार, यांत विसंगती नाही. ‘रेजिमेंट’ आणि ‘त्या दिवशी रांगेत उभे असलेले’ हे दोन वेगळे आकडे आहेत.

‘स्वयंसेवक’ हा शब्द तर आणखी फसवा. आपल्याला त्यात बिनपगारी सेवा ऐकू येते. इथे त्याचा अर्थ कायम लष्करातला नसलेला, मुदतीवर भरती झालेला पगारी सैनिक. पलटण उभी करायचं काम राज्याचं. कर्नलपर्यंतचे अधिकारी नेमायचा हक्क राज्याच्या गव्हर्नरचा. मग केंद्र सरकारचा अधिकारी येऊन एकेकाला हजेरीपटावर घेई. त्या क्षणापासून पगार, शस्त्रं, शिस्त सगळं वॉशिंग्टनचं. गोऱ्या पलटणींत हा सांधा कुणाला फारसा जाणवला नाही. ५४व्या पलटणीला मात्र दोन मालक मिळाले. एकानं शब्द दिला आणि दुसऱ्यानं तो पाळायला नकार दिला. तिच्या दोन्ही मोठ्या तक्रारी, पगार आणि बढती, याच सांध्यातून निघाल्या.

भरतीचा परवाना २६ जानेवारी १८६३चा. युद्धमंत्री एडविन स्टँटन यांनी मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांना आफ्रिकी वंशाच्या माणसांच्या पलटणी उभारायची मुभा दिली. राष्ट्राध्यक्ष लिंकन यांची गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारीला अमलात आली होती आणि तिच्यातच अशी माणसं सैन्यात घ्यायची तरतूद होती. इथे एक प्रसिद्ध चूक टाळा: ही ‘पहिली कृष्णवर्णीय रेजिमेंट’ नव्हे. लुइझियाना, दक्षिण कॅरोलायना आणि कॅन्सस इथे १८६२ मध्येच अशा तुकड्या उभ्या राहिल्या होत्या, आणि कॅन्ससच्या शिपायांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात चकमकही लढली होती. ५४वीचं वेगळेपण हे की ती उत्तरेच्या जुन्या राज्यांत, मुख्यतः स्वतंत्र नागरिकांमधून, राज्याच्या नावानं उभी राहिली.

अडचण साधी होती: माणसं आणायची कुठून? १८६०च्या जनगणनेत मॅसॅच्युसेट्समध्ये बायकामुलांसकट कृष्णवर्णीय लोकसंख्या ९,६०० होती. एवढ्यातून लढण्याजोग्या वयाचे आणि तब्येतीचे हजार पुरुष निघणं अशक्य. मग व्यापारी जॉर्ज स्टर्न्स यांच्या पुढाकारानं समिती झाली, पैसा जमला आणि भरतीची जाळी फिलाडेल्फियापासून ओहायो-मिशिगनपर्यंत आणि कॅनडाच्या सीमेपर्यंत पसरली. फ्रेडरिक डग्लस, मार्टिन डिलेनी, जॉन मर्सर लँगस्टन, हेन्री हायलंड गार्नेट ही त्या काळच्या कृष्णवर्णीय समाजातली वजनदार मंडळी भरतीला उतरली. डग्लस यांचे दोन मुलगे, लुइस आणि चार्ल्स, नाव नोंदवून आले. लुइस सार्जंट मेजर झाला. डिलेनी यांचा मुलगा टूसाँ आणि गुलामगिरीविरोधी वक्त्या सोजर्नर ट्रूथ यांचा नातू जेम्स कॉल्डवेल हेही याच पलटणीत होते.

म्हणून नावात मॅसॅच्युसेट्स असलं तरी सर्वांत जास्त माणसं पेनसिल्व्हेनियाची, त्याखालोखाल न्यूयॉर्क आणि ओहायोची. कंपन्यांना गावाची चव होती: ‘ए’ मुख्यतः बॉस्टन परिसराची, ‘बी’ फिलाडेल्फियाची, ‘सी’ न्यू बेडफर्ड या व्हेलशिकारीच्या बंदराची. शेवटच्या कंपन्या पश्चिमेकडून आलेल्यांच्या. रीडव्हिलच्या कॅम्प मेग्जवर २१ फेब्रुवारीपासून माणसं यायला लागली. डॉक्टरांनी तपासणीत हात राखला नाही. पुष्कळांना परत पाठवलं, तरी मे महिन्यापर्यंत पलटण भरली आणि उरलेल्यांतून लगेच ५५वी सुरू झाली.

शिपाई कशा प्रकारचे होते याचं सर्वांत स्वच्छ चित्र याच ५५व्या पलटणीच्या मोजदादीत मिळतं, कारण तिच्या अधिकाऱ्यांनी बारकाईनं आकडे नोंदवून ठेवले. ९८० शिपायांपैकी पूर्वी गुलाम असलेले २४७, म्हणजे साधारण चारातला एक. शेतीकाम करणारे ५९६. मजूर ७६, वेटर ५०, न्हावी ३४, लोहार २१, खलाशी २०. वाचता येणारे ४७७, वाचता-लिहिता येणारे ३१९. लग्न झालेले २१९. हे आकडे ५४व्या पलटणीला जसेच्या तसे चिकटवू नका. ती पूर्वेकडच्या शहरांतून जास्त भरली, म्हणून तिच्यात खलाशी आणि शहरी कामकरी अधिक दिसतात. पण भरतीची जाळी एकच होती, त्यामुळे साचा ओळखू यायला एवढं पुरे.

अधिकारी सगळे गोरे. ही युद्धखात्याची अट होती. अँड्र्यू यांनी गुलामगिरीविरोधी घराण्यांतली, लढाई पाहिलेली तरुण पोरं मुद्दाम वेचली. कर्नल रॉबर्ट गोल्ड शॉ पंचवीस वर्षांचे होते आणि दुसऱ्या मॅसॅच्युसेट्समधून अँटिएटमची लढाई लढून आले होते. हॅलोवेल बंधू फिलाडेल्फियाच्या क्वेकर (गुलामगिरीला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) घराण्यातले. एडवर्ड पुढे ५४व्या पलटणीचे कर्नल झाले, नॉरवूड ५५व्याचे. हत्यार ब्रिटिश बनावटीची एन्फील्ड रायफल. कृष्णवर्णीय तुकड्यांना अनेकदा टाकाऊ बंदुका मिळत. तशी वेळ या पलटणीवर आली नाही.

आता पगार.

भरतीच्या जाहिरातीवर ठळक छापलं होतं: महिना १३ डॉलर, कुटुंबाला राज्याची मदत आणि मुदत संपल्यावर १०० डॉलर. गोऱ्या शिपायाला तेव्हा १३ डॉलर आणि शिवाय कपड्यांसाठी महिन्याला साडेतीन डॉलरचा भत्ता मिळे. स्टँटन यांनी अँड्र्यू यांना तोंडी खात्री दिली होती की इथेही तेच. पण जून १८६३ मध्ये युद्धखात्याच्या विधी सल्लागारांनी निकाल दिला की कृष्णवर्णीयांची भरती १७ जुलै १८६२च्या मिलिशिया कायद्याखाली येते. तो कायदा खंदक खणायला आणि ओझी वाहायला ठेवलेल्या माणसांसाठी लिहिलेला होता. त्यात महिना १० डॉलर, आणि त्यातले ३ कपड्यांपोटी कापायचे. हातात सात. हुद्दा कोणताही असो, रक्कम तीच. गोऱ्या सार्जंट मेजरला २१ डॉलर मिळत. लुइस डग्लसला देऊ केले तेही सातच. पाद्री सॅम्युएल हॅरिसन यांना त्या पदाच्या शंभर डॉलरऐवजी दहा देऊ केले गेले.

पलटणीनं पैसे घेतलेच नाहीत. सिनेमात रीडव्हिलच्या तळावर पावत्या फाडल्याचा जो प्रसंग आहे तो विसरा. तिथे असताना सगळ्यांना तेराचीच खात्री होती, नकार सुरू झाला तो दक्षिणेत पोचल्यावर. २ जुलै १८६३ रोजी शॉ यांनी गव्हर्नरांना लिहून कळवलं की पूर्ण पगार द्या, नाहीतर माणसांना सेवेतून मोकळं करा. नोव्हेंबरात राज्याच्या विधिमंडळानं फरकाची रक्कम राज्याच्या तिजोरीतून द्यायचा कायदा केला. पलटणीनं तीही नाकारली, आणि इथेच या माणसांची समज दिसते. राज्यानं भर घातली तर केंद्राचे सात डॉलर योग्य ठरले असते. त्यांना फरकाची रक्कम नको होती, दर्जा हवा होता. घरी बायकामुलं उधारीवर आणि धर्मादायावर जगत असताना हा नकार वर्षाहून अधिक काळ टिकला. कॉर्पोरल जेम्स हेन्री गुडिंग यांनी २८ सप्टेंबर १८६३ रोजी थेट लिंकन यांना पत्र घातलं. त्यातला मुद्दा एवढाच होता की आम्ही सैनिक आहोत की मजूर, ते सांगा. फेब्रुवारी १८६४ मध्ये फ्लोरिडात ओलस्टीच्या रणात उतरताना पलटणीची आरोळी होती: मॅसॅच्युसेट्सचा आणि महिना सात डॉलरचा जयजयकार! इतकी कडू थट्टा रणावर क्वचित ऐकू आली असेल.

हा नकार धोक्याचा होता, कारण लष्करी कायद्यात तो बंडाच्या फार जवळ जातो. दक्षिण कॅरोलायनाच्या तिसऱ्या पलटणीतल्या सार्जंट विल्यम वॉकर यांनी याच कारणासाठी आपल्या कंपनीला शस्त्रं खाली ठेवायला लावली. २९ फेब्रुवारी १८६४ रोजी त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ५४व्या पलटणीनं पैसे नाकारले, काम नाकारलं नाही. ती रेषा तिनं बहुतांशी सांभाळली.

१५ जून १८६४च्या कायद्यानं गाठ निम्मी सुटली. १ जानेवारी १८६४ पासून सगळ्यांना समान पगार, पण त्याआधीचा फरक फक्त अशांना की जे १९ एप्रिल १८६१ रोजी, म्हणजे युद्धाच्या तोंडाशी, स्वतंत्र होते. एका कंपनीत शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोघांत सरकारनं रेघ ओढली. इथे कर्नल एडवर्ड हॅलोवेल यांनी एक शपथ रचली. गुलाम होतास का, असा प्रश्न तिच्यात नव्हताच. आशय असा होता: १९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधी तुझ्या बिनमोबदला श्रमांवर कुणाचाही हक्क नव्हता, अशी शपथ घे. गुलामगिरीच मुळात अन्याय असेल तर असा हक्क कुणाचाच नव्हता. मग मालकाच्या घरून पळालेला माणूसही ही शपथ खोटं न बोलता घेऊ शकत होता. पलटणीत तिला ‘क्वेकर शपथ’ म्हणत. देवाधर्माला आणि कायद्याला एकाच वाक्यात बसवणारा असा मसुदा वकिलांनाही सुचला नसता!

वाटप २८ सप्टेंबर १८६४ला सुरू झालं, गुडिंग यांच्या पत्राला बरोबर एक वर्ष झालं त्या दिवशी. गुडिंग ते पाहायला नव्हते. ओलस्टीला जखमी होऊन कैद झालेले गुडिंग १९ जुलैला अँडरसनव्हिलच्या तुरुंगछावणीत मेले होते. साध्या शिपायाच्या हाती किती आलं याचा अंदाज असा बांधता येतो: मार्च १८६३ अखेरीस हजेरीवर आलेल्याचे एप्रिल १८६४ अखेरपर्यंत १३ महिने × १३ = १६९ डॉलर. मे १८६४ पासून सर्वांचाच पगार १६ झाला होता, म्हणून ऑगस्ट अखेरपर्यंत ४ × १६ = ६४. एकूण २३३, त्यातून कपड्यांची उधारी आणि तळावरच्या दुकानदाराचं देणं वजा. बाकीच्या कृष्णवर्णीय तुकड्यांचा मागचा फरक मिटायला ३ मार्च १८६५चा कायदा यावा लागला.

बढतीचं दुखणं याच सांध्यातलं. न्यूयॉर्क राज्यातून आलेले सार्जंट स्टीफन स्वेल्स यांना गव्हर्नर अँड्र्यू यांनी मार्च १८६४ मध्ये सेकंड लेफ्टनंटचं कमिशन दिलं. गव्हर्नरला तो हक्क होता. पण केंद्रानं त्या हुद्द्यावर हजेरीत घेतल्याशिवाय कमिशन म्हणजे नुसता कागद, आणि युद्धखात्यानं आफ्रिकी रक्ताचं कारण देऊन दहा महिने नकार दिला. जानेवारी १८६५ मध्ये ते अखेर हजेरीत आले. त्यांच्या मागून पीटर व्होगेलसँग आणि फ्रँक वेल्च हेही लेफ्टनंट झाले. सेवापत्रकात एकाच माणसाच्या बढतीच्या दोन तारखा दिसल्या तर गोंधळू नका. पहिली राज्याची, दुसरी केंद्राची, आणि मधल्या अंतराचा अर्थ वर सांगितला तो.

फोर्ट वॅग्नरबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून फक्त चुका होतात तिथलंच सांगतो. १८ जुलै १८६३च्या संध्याकाळी पलटणीनं मॉरिस बेटावरच्या या वाळूच्या किल्ल्यावर चाल केली. त्याआधी दोनच दिवसांपूर्वी ती जेम्स बेटावर लढली होती, दोन रात्री झोप नव्हती आणि पोटात नीट अन्न नव्हतं. दिवसभराच्या तोफमाऱ्यानं किल्ला गप्प झाल्यासारखा वाटला. पण वाळू गोळे गिळते, आणि आतली शिबंदी जाड छपराच्या तळघरात सुरक्षित होती. वाट समुद्र आणि दलदल यांच्या मधल्या चिंचोळ्या पुळणीवरून. रांगा आवळल्या गेल्या, कडेची माणसं पाण्यातून चालली. मागची कुमक वेळेवर आली नाही. शॉ तटावर पडले. नुकसान २७२: अधिकारी ३ ठार, ११ जखमी, शिपाई ३१ ठार, १३५ जखमी, ९२ बेपत्ता. ‘फक्त ३१ ठार’ असं जिथे वाचाल तिथे थांबा. बेपत्ता ९२ पैकी अनेकजण तटाखालीच पडले होते, काही जखमी अवस्थेत कैद झाले आणि नंतर मेले. त्यामुळे एका ठिकाणी एक आकडा आणि दुसऱ्या ठिकाणी दुसरा दिसतो.

कैद झालेल्यांवर दक्षिण कॅरोलायनानं गुलामांच्या बंडाचा खटला भरायचा घाट घातला. लिंकन यांनी ३० जुलैला जशास तसं वागण्याचा हुकूम काढला होता. चार्ल्सटनच्या न्यायालयानं शेवटी आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही असं ठरवलं. या माणसांना फाशी झाली नाही, पण युद्धकैदी म्हणून अदलाबदलीतही घेतलं गेलं नाही. अनेकजण छावण्यांत खंगले.

वॅग्नरवर झेंडा सावरणारे सार्जंट विल्यम कार्नी यांच्याबद्दलही एक दुरुस्ती. त्यांना ‘मेडल ऑफ ऑनर (अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक) मिळालेले पहिले कृष्णवर्णीय’ म्हणतात. त्यांचं शौर्य कृष्णवर्णीय सन्मानितांत सर्वांत आधीच्यांपैकी. पदक मात्र २३ मे १९०० रोजी मिळालं, तोवर इतर अनेकांना मिळून गेलं होतं. त्याच धर्तीवर ५५व्या पलटणीतल्या अँड्र्यू जॅक्सन स्मिथ यांना हनी हिलच्या लढाईबद्दल पदक मिळायला २००१ साल उजाडलं.

वॅग्नरनंतर पलटण संपली असाही समज आहे. ती आणखी दोन वर्षं लढली: वॅग्नरच्या वेढ्यातले खंदक, ओलस्टी, ३० नोव्हेंबर १८६४ला हनी हिल, आणि १८ एप्रिल १८६५ला, दक्षिणेचे सेनापती ली यांची शरणागती होऊन नऊ दिवस उलटल्यावर, बॉइकिन्स मिल. ओलस्टीहून माघार घेताना जखमींनी भरलेल्या आगगाडीचं इंजिन बंद पडलं, तेव्हा या शिपायांनी दोर बांधून गाडी हातानं ओढत नेली. माझ्या मते वॅग्नरइतकंच हेही शिल्पात यायला हवं होतं. दुसऱ्या बाजूला जून १८६३ मध्ये वरिष्ठांच्या हुकमावरून जॉर्जियातलं डॅरियन गाव जाळण्यातही तिच्या कंपन्या होत्या. शॉ यांना ते अतिशय लागलं, पण इतिहासातून ते पुसता येत नाही. २० ऑगस्ट १८६५ला पलटण सेवेतून मोकळी झाली आणि २ सप्टेंबरला बॉस्टनमध्ये विसर्जित झाली.

कुणाला स्वतः शोध घ्यायचा असेल तर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रत्येक शिपायाचं सेवापत्रक आहे. हे पत्रक युद्धकाळातलं नाही. युद्धखात्यानं नंतर मूळ हजेरीपट आणि पगारपत्रकांवरून माणसागणिक उतरवून काढलेली ती कार्डं आहेत, त्यामुळे उतरवणाऱ्याच्या चुकाही त्यात आल्या. वाचायचा क्रम असा ठेवा. आधी वर्णनाचं कार्ड: वय, उंची, वर्ण, जन्मस्थान, धंदा, भरतीची जागा. मग दर दोन महिन्यांच्या अखेरीचे हजेरीपट: फेब्रुवारी, एप्रिल, जून, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर. १८६४च्या उत्तरार्धातल्या कार्डांवर शेऱ्याचा रकाना नीट पाहा. ‘१९ एप्रिल १८६१ रोजी किंवा त्याआधीपासून स्वतंत्र’ अशी नोंद तिथे सापडते. ती क्वेकर शपथेची खूण. तिच्यावरून माणूस जन्मतः स्वतंत्र होता असा निष्कर्ष काढू नका. शपथ मुळात तेवढ्यासाठीच तशी रचली होती.

जन्मस्थानावरही आंधळा विश्वास नको. गुडिंग यांनी कागदोपत्री न्यूयॉर्कमधलं ट्रॉय हे जन्मगाव सांगितलं होतं. नंतरच्या शोधात ते उत्तर कॅरोलायनात गुलाम म्हणून जन्मले आणि लहानपणीच पैसे मोजून मुक्त केले गेले, असं निघालं. ज्याला पकडून परत नेलं जाण्याची भीती आहे तो खरं गाव कशाला सांगेल? वयाचंही तसंच: १८ आणि ४५ या दोन मर्यादांच्या आसपासची वयं संशयानं वाचा. एकाच आडनावाचं स्पेलिंग तीन तऱ्हांनी येतं, कारण नाव लिहिणारा ऐकेल तसं लिही. ‘अमुक गावाच्या खात्यावर’ अशी नोंद असेल तर ते राहण्याचं गाव नव्हे, भरतीचा कोटा ज्या गावाला मिळाला ते. सगळ्यांत भरलेला ऐवज मात्र निवृत्तिवेतनाच्या फाइलींत आहे. विधवेला लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करायला शेजाऱ्यांच्या जबान्या द्याव्या लागत. गुलामीत झालेल्या लग्नाला दाखला नसे. त्यामुळे या जबान्यांत अख्खी वस्ती बोलते.

वारशाचं सांगायचं तर पहिला परिणाम युद्ध चालू असतानाच दिसला. कृष्णवर्णीय लढतील का, हा वाद वॅग्नरनंतर उत्तरेत फारसा उरला नाही. युद्धाच्या शेवटापर्यंत सुमारे १,७९,००० कृष्णवर्णीय शिपाई सैन्यात येऊन गेले. त्यांतल्या जवळपास सर्व पलटणी केंद्राच्या ‘युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स’ या नावाखाली गेल्या. ५४वी, ५५वी यांसारख्या मोजक्या तेवढ्या राज्याचं नाव राखून राहिल्या. दुसरा परिणाम माणसांतून चालला: स्वेल्स दक्षिण कॅरोलायनातच स्थायिक झाले, राज्याच्या सेनेटवर निवडून आले, आणि युद्धानंतरचा दक्षिणेच्या पुनर्रचनेचा काळ संपताच धमक्या देऊन त्यांना बाजूला सारलं गेलं.

एक धागा आपल्याकडेही येतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यातून तेव्हा मुख्यतः मुक्तिदात्यांचा त्याग दिसला, ते स्वाभाविक होतं. सात डॉलर नाकारणारे कॉर्पोरल तिथवर पोचायला वेळ लागला.

बॉस्टनमधलं ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचं ब्राँझचं उठावशिल्प ३१ मे १८९७ला खुलं झालं. घडवायला वर्षांमागून वर्षं गेली. घोड्यावर शॉ, मागे चालणारे शिपाई. शिपायांचे चेहरे एकाच साच्याचे नाहीत, प्रत्येक वेगळा, वेगवेगळ्या वयाचा. पण ते मूळ शिपायांचे नव्हेत. शिल्पकारानं कृष्णवर्णीय माणसं समोर बसवून घडवलेले आहेत. मागच्या दगडावर पडलेल्या अधिकाऱ्यांची नावं कोरली होती, शिपायांपैकी एकाचंही नाव नव्हतं. वॅग्नरला मेलेल्या शिपायांची साठहून अधिक नावं तिथे कोरली गेली ती १९८०च्या दशकात. सरकारी तक्त्यातले ठार ३१ आणि दगडावरची नावं त्याच्या दुप्पट, हा फरक म्हणजे तो ‘बेपत्ता’चा रकाना. खुद्द किल्ल्याची जागा आता बहुतांश समुद्रानं खाल्ली आहे. शॉ यांना शिपायांसोबत ज्या खड्ड्यात पुरलं होतं, आणि ज्यातून मुलाला हलवू नका असं त्यांच्या वडिलांनी कळवलं होतं, तोही तिथेच होता.